कुकडीकाठचे ४६ मिलिमीटर

निघोजला कुकडीच्या पात्रात उतरलो तेव्हा वैशाख अर्धा सरला होता. वाहतं पाणी जवळजवळ नव्हतंच. होता तो दगड, काळा आणि तापलेला, आणि त्यात रांजणासारखी कोरलेली कुंडं. काही परातीएवढी, काहींत माणूस उभा मावेल अशी, काही इतकी खोल की तळाचं हिरवं पाणी वरून काळोखासारखं दिसतं. पुरात वाहत आलेले गोटे एखाद्या खळग्यात अडकले, भोवऱ्याबरोबर गरगर फिरत राहिले, आणि वर्षानुवर्षं दगडच दगडाला घासत गेला. अलीकडचा काठ पारनेर तालुक्याचा, पलीकडचा शिरूरच्या टाकळी हाजीचा. लोक मळगंगेच्या दर्शनाला येतात, कुंडं पाहतात, फोटो काढतात आणि उन्हाच्या आत परततात. मी बराच वेळ त्या कडेच्या दगडाकडे पाहत बसलो. कोरायला नदीला एवढा काळ लागला, त्याच दगडाच्या पोटातून आम्ही पाणी मागतो. आणि ते मिळतंही. कधी दोन इंच, कधी विहिरीच्या तळाशी तासभर मोटर चालेल इतकं, कधी नुसताच फुफाटा.

हे पाणी कुठून येतं, किती येतं आणि कुठे जातं? पारनेरमध्ये पाण्याविषयी बोलायला बसलं की हे तीन प्रश्न क्वचितच निघतात. निघतो तो चौथा: "बोअर कुठे घेऊ?" जमिनीखालचं पाहण्याची जी यंत्रं विसाव्या शतकात तयार झाली, तीही आपण या चौथ्या प्रश्नालाच जुंपली. ती यंत्रं मुळात पहिल्या तीन प्रश्नांची आहेत, आणि त्या तीन प्रश्नांचं एक उत्तर याच कुकडीच्या खोऱ्यात चाळीसेक वर्षांपूर्वी मोजून ठेवलेलं आहे. त्याच्याकडे येण्याआधी दगडाची ओळख करून घ्यायला हवी.

पारनेर तालुका नकाशात सपाट दिसतो. चालून पाहिला की उंचसखल कळतो. उत्तरेचा उतार मुळेकडे जातो, दक्षिणेचा कुकडी आणि घोडकडे, मधून हंगा वाहते, आणि या सगळ्याच्या माथ्यावर कान्हूर पठारासारखा उघडा, वाऱ्याचा प्रदेश. दक्षिणेकडच्या काही गावांना कुकडीच्या डाव्या कालव्याचा आधार आहे. पठाराला आभाळाशिवाय कुणी नाही. सह्याद्रीने पाऊस आधीच उतरवून घेतलेला असतो. इथे पोचतं ते वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तेही भरवशाचं नाही. खरिपात मूग, बाजरी, पठाराचा नावाजलेला वाटाणा. विहिरीला पाणी असेल तर कांदा. म्हणजे इथलं घर वर्षभर चालतं ते जमिनीखालच्या पाण्यावर.

आणि ते पाणी ज्या दगडात आहे तो वाळूसारखा किंवा गाळासारखा नाही. गंगेच्या मैदानात कुठेही खोदा, कणाकणांमधल्या फटींत पाणी सापडतं. आपला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग त्यानेच झाकलेला आहे. अखंड पाषाणाच्या आत पाण्याला जागाच नसते. पण लाव्हा एकदाच आला नाही. तो थरांनी आला, एक थर थंड झाल्यावर कधी थोड्या, कधी दीर्घ काळाने दुसरा. प्रत्येक थराच्या माथ्याला वायूचे बुडबुडे अडकले आणि तो भाग सच्छिद्र झाला. पुढे त्या छिद्रांत पांढरी, हिरवी खनिजं भरली. विहीर खोदणारे कारागीर त्याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मधे कधी भाजलेल्या विटेच्या रंगाची माती सापडते. तो गेरूचा पट्टा. सगळ्यात वर मुरूम, त्यावर माती.

पाणी राहतं ते मुरमात, भेगाळलेल्या मांजऱ्यात, थरांच्या सांध्यात आणि पाषाणाला पडलेल्या चिरांत. एखाद्या जुन्या, न बांधलेल्या विहिरीत दिवाळीच्या सुमाराला डोकावून पाहावं. भिंतीवर एका उंचीला ओली रेघ दिसते, तिथे शेवाळ धरलेलं असतं, क्वचित एखादं उंबराचं रोप उगवलेलं असतं. तिच्या खाली कोरडा पाषाण. आणखी खाली दुसरी रेघ. वाकून पाहणाऱ्याला जमिनीचा उभा छेदच समोर असतो. पूर्वी विहिरीची खोली परसात, म्हणजे माणसाच्या उंचीच्या मापात, मोजत आणि कितव्या परसाला मुरूम संपला, कितव्याला मांजऱ्या लागला, कुठे सुरुंग लावावा लागला, हे घरातल्या म्हाताऱ्यांना पाठ असे. भूगर्भशास्त्रज्ञाला नोंदवहीत जे हवं असतं, ते हेच. पुणे विद्यापीठातले देवळणकर यांनी १९८० मध्ये दख्खनच्या बसाल्टमधल्या पाण्यावर जो शोधनिबंध लिहिला, त्यात कुठल्या जातीचा थर किती पाणी धरतो आणि किती सोडतो याची मांडणी आहे. मुरूम आणि मांजऱ्या वेगळे ओळखणाऱ्या विहीरवाल्याला ती परकी वाटली नसती.

आता यंत्राकडे येऊ. जमिनीत न खोदता खालचे थर ओळखायचे, तर त्यांच्यात काहीतरी असा फरक हवा जो वरून मोजता येईल. विजेला होणारा विरोध हा तसा फरक. कोरडा, अखंड पाषाण वीज जाऊ देत नाही. ओला, भेगाळ दगड देतो, कारण भेगांतल्या पाण्यात क्षार असतात. चिकण माती सगळ्यात सहज देते. फ्रान्समध्ये कोनराड श्लुंबर्जे यांनी १९१२ मध्ये या फरकावरून जमिनीखालचा नकाशा काढून पाहिला. अमेरिकेत फ्रँक वेनर यांनी त्यानंतर तीन-चार वर्षांत चार खुंट्यांची मांडणी सिद्ध केली. आज पारनेरच्या शिवारात जो सर्व्हेवाला खुंट्या ठोकतो, त्याची पद्धत या दोघांपैकी एकाची असते.

पद्धत दिसायला साधी. एका सरळ रेषेत पोलादाच्या चार खुंट्या. बाहेरच्या दोघींतून बॅटरीचा प्रवाह जमिनीत सोडायचा, आतल्या दोघींमधला विद्युतदाब मोजायचा. दाबाला प्रवाहाने भागलं, खुंट्यांच्या अंतरांवरून काढलेल्या एका आकड्याने गुणलं, की जमिनीचा सरासरी विरोध मिळतो, ओहम-मीटरमध्ये. मग बाहेरच्या खुंट्या आणखी दूर न्यायच्या आणि पुन्हा मोजायचं. अंतर वाढतं तसा प्रवाह खोल उतरतो आणि आकडा बदलत जातो. उन्हाळ्यात मुरूम इतका कोरडा असतो की खुंटीचा जमिनीशी संपर्कच होत नाही. मग खुंटीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओततात. वैशाखातल्या पारनेरमध्ये पाणी शोधण्यासाठी आधी तांब्याभर पाणी जमिनीला द्यावं लागतं.

आकड्यांचा अर्थ दख्खनच्या दगडात साधारण असा लागतो. पाच-दहा ओहम-मीटर आले तर काळी, चिकट माती. वीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान पाण्याने भरलेला, झिजलेला किंवा भेगाळ दगड. चाळीस ते सत्तर म्हणजे थोडासाच झिजलेला. सत्तरच्या वर पाषाण, आणि तो अखंड असेल तर आकडा शेकड्यांत जातो. सगळी मापं आलेखावर मांडली की एक वक्ररेषा तयार होते. ती आधी चढून मग उतरली आणि पुन्हा चढली, तर वरचा कोरडा मुरूम, मधला ओला थर आणि खालचा पाषाण अशी उतरंड वाचता येते. त्या मधल्या खोलगट भागावर सगळ्यांचे डोळे असतात.

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पारनेरमध्ये कित्येक घरांचे पैसे मातीत गेलेत. यंत्राला पाणी दिसत नाही. त्याला विरोध दिसतो. ओला मांजऱ्या आणि दमट गेरू यांचा विरोध जवळजवळ सारखा येऊ शकतो. एकातून पाणी मिळतं, दुसऱ्यातून लाल चिखल. शिवाय पातळ पण फार सुवाहक थर आणि जाड पण मध्यम सुवाहक थर वरून मोजताना एकसारखाच आलेख देतात. गणिताने त्यांना वेगळं काढता येत नाही. त्यासाठी जवळची विहीर पाहावीच लागते. ज्या सर्व्हेवाल्याने आजूबाजूच्या दोन-तीन विहिरींत डोकावल्याशिवाय खुंट्या उपटल्या आणि "अमुक फुटांवर इतके इंच" असं सांगितलं, त्याच्यावर माझा विश्वास नाही. इंच सांगणं हे त्या यंत्राचं कामच नाही.

खोलीचाही प्रश्न आहे. बाहेरच्या दोन खुंट्यांमध्ये जितकं अंतर, त्याच्या ढोबळ मानाने तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकं खाली यंत्र पाहू शकतं. साठ मीटर खाली पाहायचं, म्हणजे दोनशे फूट, तर सुमारे दोनशे मीटर सरळ रेषा हवी. पाचशे फुटांच्या बोअरची जागा खरोखर तपासायची असेल तर साडेचारशे-पाचशे मीटर. आणि एवढी रेषा टाकूनही त्या खोलीवरची हातभर जाडीची भेग आलेखात उमटत नाही. ती वरच्या सगळ्या दगडाच्या सरासरीत विरून जाते. चौरस एकराची एक बाजू भरते सुमारे ६४ मीटर. म्हणजे आपल्या एका एकराखाली काय आहे हे पाहण्यासाठीसुद्धा तार शेजाऱ्याच्या बांधावरून न्यावी लागते, त्याच्या पलीकडच्याच्या कांद्यातून, मधल्या ओढ्यावरून. स्वतःच्या सातबाऱ्यापुरतं भूजल मोजता येईल असं यंत्र विज्ञानाने अजून बनवलेलं नाही, आणि पाण्याचा स्वभाव पाहता ते बनणारही नाही. शिवारातून लांबवर गेलेली ती तार पाहिली की मला नेहमी वाटतं, गावाच्या पाण्याचा खरा नकाशा तीच काढते आहे. आपण मात्र तिच्या मधोमध चुन्याची एक फुली मारून घरी जातो.

ती फुली पूर्वी पाणाड्या मारत असे, आजही मारतो. हातावर उभा राहणारा नारळ, कडुनिंबाची किंवा उंबराची दुबेळकी, पायाळू माणसाला चालवून पाहणं. त्याच्या मागे फार जुनी परंपरा आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूजल शोधण्यावर स्वतंत्र अध्याय आहे. झाडं, वारुळं, मातीचा रंग यांवरून जमिनीखालच्या 'शिरा' कशा ओळखाव्यात ते त्यात सांगितलं आहे. झाडांचं निरीक्षण त्यात खरंच सूक्ष्म आहे, आणि उथळ पाण्याच्या काळात ते उपयोगी पडत असणार. सखल जागी, पावसाळ्यानंतर, चाळीस फुटांच्या आत विहीर खोदली तर मुरमात पाणी लागतंच. पाणाड्याच्या यशाचा मोठा वाटा या साध्या गोष्टीत आहे. तो पाचशे फुटांच्या बोअरला नारळ लावतो तेव्हा त्याच्यामागे कुठलंही निरीक्षण उरलेलं नसतं.

पण मला या परंपरेतली शिरेची कल्पना जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या भाषेत रुजली आहे. आपण म्हणतो झरा लागला, झरा तुटला, त्याच्या वाट्याचा झरा वेगळा. जमिनीखाली नळ्या आहेत आणि आपल्या नशिबाची नळी सापडायची आहे, असं ते चित्र. दगडातल्या चिरांमुळे ते काही ठिकाणी खरंही ठरतं. मात्र आपल्या थरांच्या दगडात पाणी बहुतेक जागी आडवं पसरलेलं असतं, एकाच पट्ट्यात, दहा शेतांच्या खाली. झऱ्याच्या कल्पनेत पाणी नशिबाचं असतं; थराच्या कल्पनेत ते वाट्याचं होतं. यंत्र थर दाखवतं. आपण त्याच्याकडूनही झराच मागतो.

मग बोअरची गाडी येते. बऱ्याचदा तिच्यावर तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची पाटी असते. रात्रीची वेळ, काँप्रेसरचा आवाज दोन शिवारांपलीकडे ऐकू जाणारा, घरातली सगळी माणसं बॅटरीच्या उजेडात उभी. वरच्या मुरमाला केसिंग बसतं, वीस-तीस-चाळीस फूट. त्याखाली नुसतं भोक. दर काही फुटांनी बाहेर पडणाऱ्या भुकटीचा रंग बदलतो. काळी, मग तांबूस, पुन्हा काळी. कुणीतरी मूठभर उचलून बोटांत चोळतं. दोनशे फुटांवर ओल दिसते आणि चेहरे उजळतात, अडीचशेला पुन्हा फुफाटा. "अजून पन्नास जाऊ द्या." फुटावर पैसे असतात. त्या रात्री खालच्या दगडाची जी माहिती बाहेर पडते ती अनमोल असते, दर दहा फुटांचा नमुना, फुकट. सकाळी ती ढिगाऱ्यात मिसळलेली असते. एखाद्या गावाने आपल्या प्रत्येक बोअरची भुकटी कागदाच्या पुड्यांत बांधून, खोली लिहून शाळेच्या कपाटात ठेवली असती, तर त्या गावाकडे आज स्वतःचा भूगर्भ नकाशा असता.

त्या केसिंगखालच्या उघड्या भोकाबद्दल थोडं थांबून सांगितलं पाहिजे. वरच्या मुरमातलं आणि मांजऱ्यातलं पाणी टिकतं, कारण त्याच्या खाली घट्ट पाषाण किंवा गेरू असतो. तो त्या पाण्याचा तळ. बोअर तो तळ फोडून खाली जातं. खालच्या भेगा रिकाम्या असतील, आणि आजूबाजूच्या बोअरनी उपसून त्या बहुधा रिकाम्याच असतात, तर वरचं पाणी त्या भोकातून खाली उतरतं. बोअरमालकाला ते पंपाने वर आणता येतं, शेजारची विहीर मात्र पौषातच तळ दाखवते. तिच्यात कुणी आडवे बोअर घेतं, थोडे दिवस पाणी वाढल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात तेच पाणी लवकर बाहेर आलेलं असतं. "झरा आटला" असं मग म्हणतात. झरा आटलेला नसतो, त्याला दुसरी वाट करून दिलेली असते. नवं पाणी यातल्या कुठल्याच भोकाने आणलेलं नसतं.

* * *

नवं पाणी म्हणजे पावसाचं. त्यातलं किती दगडापर्यंत पोचतं, हे कुकडीच्या खोऱ्यात मोजलं गेलं.

हैदराबादला राष्ट्रीय भूभौतिकी अनुसंधान संस्था आहे, १९६१ मध्ये स्थापन झालेली. तिथले आर. एन. आठवले आणि त्यांचे सहकारी आर. चांद व आर. रंगराजन यांनी दख्खनच्या दगडातली दोन खोरी निवडली, गोदावरी-पूर्णा आणि कुकडी. प्रश्न एकच: पडलेल्या पावसापैकी जमिनीखालच्या साठ्याला किती मिळतं? त्यांनी पाण्याला खूण केली. हायड्रोजनचा ट्रिटियम नावाचा किरणोत्सारी भाऊबंद असतो. तो पाण्याच्या रेणूतच बसतो, त्यामुळे पाण्यासारखाच वागतो, आणि अत्यल्प प्रमाणात असला तरी मोजता येतो. सुमारे सव्वाबारा वर्षांनी त्याचं प्रमाण आपोआप निम्म्यावर येतं. पावसाळ्यापूर्वी शेतात, मुळांच्या थराखाली, ट्रिटियमयुक्त थोडंसं पाणी टोचायचं. पाऊस पडतो. वरून मुरणारं नवं पाणी मातीतल्या जुन्या ओलाव्याला खाली ढकलतं, जशी भरलेल्या नळीत मागची गोटी पुढच्या गोटीला ढकलते. पावसाळा संपला की त्याच जागी थराथराने माती काढायची, खुणेचं पाणी किती खाली सरकलं ते पाहायचं, आणि तेवढ्या मातीत ओलावा किती आहे ते मोजायचं. तो ओलावा म्हणजे त्या पावसाळ्यातली आवक.

१९८३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोदावरी-पूर्णा खोऱ्यात ६५२ मिलिमीटर पाऊस, मुरलेलं पाणी ५६ मिलिमीटर. कुकडीच्या खोऱ्यात ६१२ मिलिमीटर पाऊस, मुरलेलं ४६. शंभर थेंबांपैकी साडेसात. बाकीचं वाहून गेलं, वाफ झालं, पिकांनी आणि गवताने घेतलं. पुढे केंद्राच्या भूजल अंदाज समितीने १९९७ मध्ये जे निकष ठरवले, त्यात झिजलेल्या बसाल्टसाठी सात टक्के आणि सच्छिद्र, सांध्यांच्या बसाल्टसाठी तेरा टक्के असे आकडे आहेत. कुकडीचा मोजलेला आकडा त्यातल्या पहिल्याला जवळजवळ चिकटून आहे.

कुकडीचा उगम पश्चिमेला जुन्नरच्या डोंगरात, पुरच्या कुकडेश्वरापाशी. तिथला पाऊस आणि निघोजचा पाऊस यांत जमीन-अस्मानाचं अंतर. पारनेरच्या पठाराला खोऱ्याच्या सरासरीइतकंही मिळत नाही. तरी ४६ हा आकडा उदार मनाने धरू आणि कागद-पेन्सिल घेऊ. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर, बरोबर एक मोठा टँकर. म्हणजे ४६ मिलिमीटर मुरलं तर हेक्टरी ४६ टँकर. वर्षभरासाठी. पारनेरला टँकर समजावून सांगावा लागत नाही, म्हणून हे माप मला आवडतं.

आता उन्हाळ कांदा. पाटाने भिजवला तर त्याला हंगामात साधारण ५० सेंटिमीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी ५०० टँकर. त्यातलं थोडं परत मुरतं, ठिबक असेल तर कमी लागतं, हे सगळं मान्य करूनही ढोबळ हिशेब असा राहतो की एक हेक्टर कांदा जवळजवळ अकरा हेक्टर जमिनीची वर्षभराची आवक पितो. हजार हेक्टर शिवाराच्या गावात, पाणी पुन्हा वापरता येत नाही असं धरलं, तर ९२ हेक्टर कांद्याला सगळं भूजल संपतं, आणि मग माणसांना, जनावरांना, शाळेच्या टाकीला काहीच उरत नाही. ज्याचं बोअर "लागलं" त्याच्या शेतात इतर दहा हेक्टरांचा पाऊस येऊन पोचलेला असतो. त्याने चोरी केलेली नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

दगडाची साठवण किती, हेही याच हिशेबात बसवता येतं. झिजलेल्या बसाल्टमधून उपसता येणारं पाणी त्याच्या एकूण आकारमानाच्या दोन टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणून ४६ मिलिमीटर पाणी आत आलं तर विहिरीची पातळी त्याच्या पन्नासपट चढते: दोन मीटर तीस सेंटिमीटर. विहीर पावसाळ्यात झपाट्याने भरताना पाहून आपण हुरळतो. दोन मीटर चढलेलं पाणी खरं तर दोन इंचांहून कमी मुरलेल्या पावसाचं असतं, आणि ते तितक्याच झपाट्याने उतरतं.

* * *

पाणी किती आहे हे कळलं तरी ते वाहतं कुठे हा प्रश्न राहतोच. पारनेरला त्याचा सगळ्यात जुना धडा राळेगणसिद्धीत आहे. अण्णा हजारे १९७५ मध्ये गावी परतले आणि काम सुरू झालं तेव्हा गावात एक पाझर तलाव होता, पण तो पाणी धरत नव्हता. लोकांनी तो दुरुस्त केला, आणि खालच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी दिसलं. नंतरचं पाणलोटाचं काम, नालाबांध, चराई-कुऱ्हाडबंदी हे सगळं लोकांना ठाऊक आहे. मला या पहिल्या तलावात जास्त रस वाटतो. पाझर तलाव तर गळण्यासाठीच बांधतात! मग त्याची गळती वाईट कधी ठरते? पाणी बांधाच्या पोटातून निघून ओढ्याला लागलं तर ते गेलं. तेच तळातून मुरून मांजऱ्याच्या थरात शिरलं तर ते खालच्या दहा विहिरींत जमा झालं. दोन्ही वेळा तलाव रिकामाच दिसतो.

फरक ओळखायला जमिनीतली नैसर्गिक वीज कामी येते. दगडाच्या किंवा मातीच्या बारीक फटींतून पाणी वाहतं तेव्हा ते स्वतःबरोबर धन प्रभार पुढे ओढत नेतं. पाणी जिथून आत शिरतं तिथे जमिनीवर ऋण विद्युतदाब मिळतो, जिथे ते वर येतं तिथे धन. फरक काही मिलिव्होल्टचा. तो पकडायला साधी लोखंडी खुंटी चालत नाही, कारण तिची स्वतःचीच रासायनिक वीज मापात मिसळते. त्यासाठी सच्छिद्र, भाजलेल्या मातीचं लहान भांडं घेतात, त्यात मोरचुदाचं संपृक्त द्रावण भरतात आणि तांब्याची कांडी बुडवतात. बोर्डो मिश्रण करणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी यातला मोरचूद असतोच. बॅटरीचा प्रवाह सोडायचा नाही, काही ठोकायचं नाही. बांधावर ठराविक अंतरावर ते भांडं टेकवत जायचं आणि आकडे लिहायचे. जगभर धरणांच्या गळतीचा माग असा काढतात. पारनेर तालुक्यात १९७२ च्या दुष्काळापासून पुढे रोजगार हमीतून झालेले कितीतरी पाझर तलाव आणि बंधारे आहेत. गाळ काढायला आपण पैसे खर्च करतो. त्याआधी प्रत्येक तलावाला एकदा विचारायला हवं, तुझं पाणी जातं कुठे.

त्या वाटेत भिंतीही असतात. लाव्हा ज्या भेगांतून वर आला, त्या भेगांत तो थिजून उभ्या भिंती तयार झाल्या. शास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. शेजारच्या संगमनेर भागात अशा भिंतींचा मोठा समूह आहे आणि त्याचा तपशीलवार अभ्यास झाला आहे. भिंत घट्ट असेल तर वरच्या अंगाच्या विहिरी भरलेल्या आणि खालच्या अंगाच्या कोरड्या, मधे फक्त बांध. भिंत तडकलेली असेल तर तीच पाण्याचा रस्ता होते, मैल-दोन मैल. मातीखाली दडलेली भिंत चुंबकमापीने हुडकता येते. पृथ्वीच्या चाळीस हजारांहून अधिक नॅनोटेस्लाच्या चुंबकक्षेत्रात ती शे-दोनशेचा चढ-उतार उमटवते. दोन भावांच्या विहिरींत एवढा फरक का, याचं उत्तर कित्येकदा नशिबात, वास्तूत शोधलं जातं. ते अशा एखाद्या काळ्या भिंतीत असू शकतं.

साधनं आता पुढे गेली आहेत. चार खुंट्यांऐवजी पन्नास-साठ खुंट्या एका तारेला जोडायच्या आणि संगणकाने त्यातल्या चार-चार निवडत हजारो मापं घ्यायची. मग एका आलेखाऐवजी जमिनीचा उभा छेदच रंगीत चित्रासारखा समोर येतो. देशाच्या भूजल नकाशांसाठी नागपूर भागात हेलिकॉप्टरखाली तारेचं भलंमोठं कडं टांगून जमिनीखालचे थर मोजण्याचा प्रयोग झाला. असलं काम एका शेतकऱ्याला परवडणारं नाही, आणि त्याने ते करावं अशी अपेक्षाही नाही. राज्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, निरीक्षण विहिरी आहेत, पाणलोटवार नकाशे आहेत. २०१४ मध्ये अमलात आलेला भूजल कायदाही आहे. साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर तो बंधनं घालतो. रात्री येणाऱ्या गाडीला ते साठ मीटर कुणी दाखवत नाही.

ज्या गावाने हे सगळं मनावर घेतलं ते पारनेरपासून लांब नाही. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं, उसाला आणि केळीला नाही म्हटलं, आणि पावसाचं माप घेऊन ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस कमी पडला की रब्बीचं क्षेत्र कमी. लोक त्याला शिस्तीचं गाव म्हणतात. शिस्त आहेच, पण त्याआधी गावाने जमिनीखालचं पाणी आपल्या सगळ्यांचं एकच आहे असं मानलं, आणि ते मोजलं. मोजण्याला मी शिस्तीपेक्षा वरचं स्थान देईन. आकडा समोर नसेल तर ग्रामसभेत ज्याचा आवाज मोठा त्याचं बोअर खोल जातं.

यासाठी हेलिकॉप्टर लागत नाही. जिच्यावर मोटर नाही अशी गावातली एखादी जुनी विहीर निवडायची आणि काठावर रंगाची एक खूण करायची. मे अखेरीस, पहिल्या पावसाआधी, खुणेपासून पाण्यापर्यंत टेप सोडायचा आणि आकडा शाळेच्या भिंतीवर लिहायचा. ऑक्टोबरात, उपसा सुरू होण्याआधी, त्याच खुणेपासून पुन्हा मोजायचं. मेमध्ये ११ मीटर ८० सेंटिमीटर आणि ऑक्टोबरात ९ मीटर ५० असे आकडे आले, तर फरक २ मीटर ३० चा. सातवीच्या मुलाने त्याचे दोन टक्के काढावेत. उत्तर ४६ मिलिमीटर येतं.